रक्त कोणत्या फुफ्फुसातलं, डाव्या की उजव्या?

फुफ्फुसातून मोठा रक्तस्राव होऊन माणूस दगावतो, तेव्हा बहुतेक वेळा तो अंगातलं रक्त संपून दगावत नाही. श्वास कोंडून दगावतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, की घरी काय करायचं आणि हॉस्पिटलात डॉक्टर नेमकी कशाची घाई करतात, हे समजायला फारसं अवघड जात नाही.

हिशेब बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. घशापासून फुफ्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली एकूण जागा मात्र १५० मिलीच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक कप. रक्तदानाच्या शिबिरात आपण ३५० मिली देतो, बिस्किट-चहा घेतो आणि चालत घरी येतो. त्याच्या निम्म्याहून कमी रक्त श्वासनलिकेत साचून गोठलं, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

'गंभीर रक्तस्राव' कशाला म्हणायचं यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. चोवीस तासांत १०० मिलीपासून ६०० मिलीपर्यंत निरनिराळे आकडे वापरले जातात. मला स्वतःला आकड्यापेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो. ज्याची फुफ्फुसं आधीच अधू आहेत, ज्याला जोरात खोकता येत नाही, त्याला अर्धा कप रक्तही झेपत नाही. रक्तासोबत धाप लागली, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, की किती रक्त पडलं ते मोजत बसू नये.

आधी ते रक्त छातीतलंच आहे ना?

तोंडातून आलेलं सगळंच रक्त फुफ्फुसातलं नसतं. नाकाचा घोळणा फुटला की रक्त मागच्या मागे घशात उतरतं आणि सकाळी खाकरल्यावर बाहेर येतं. हिरड्यांतून येतं. पोटातल्या अल्सरमधून किंवा दारूने लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतूनही येतं. फुफ्फुसातलं रक्त खोकल्याबरोबर येतं, लालभडक असतं आणि त्यात हवेचे बुडबुडे मिसळून ते फेसाळ दिसतं. पोटातलं रक्त उलटीबरोबर येतं, आंबट असतं, बऱ्याचदा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट असतं आणि त्यात अन्नाचे कण दिसतात. घोटाळा इथेच होतो, कारण खोकल्यातलं रक्त माणूस गिळतो आणि थोड्या वेळाने तेच उलटून टाकतो. म्हणून पहिलं रक्त खोकल्यातून आलं की उलटीतून, हे आठवून सांगणं फार मोलाचं. शक्य असेल तर ते रक्त वाटीत धरा आणि मोबाईलवर फोटो काढा. बेसिनमध्ये धुऊन टाकलेल्या रक्ताचं वर्णन घाबरलेला माणूस कधीच नीट करू शकत नाही.

फुफ्फुसाला रक्त पुरवणाऱ्या दोन लाईनी

फुफ्फुसात रक्त दोन वाटांनी येतं. पहिली वाट मोठी. हृदयाच्या उजव्या भागातून निघालेलं शरीराचं सगळं रक्त ऑक्सिजन घ्यायला या वाटेने फुफ्फुसातून फिरतं. रक्त भरपूर, पण दाब अगदी कमी. हातावर पट्टा बांधून मोजतो तो दाब १२०/८० असतो, तेव्हा या वाटेवरचा दाब २५/१० च्या आसपास असतो. दुसरी वाट अगदी बारीक. महाधमनीतून, छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या उंचीवर, काही छोट्या रक्तवाहिन्या फुटतात आणि श्वासनलिकांच्या भिंतींना पोसतात. त्यांना श्वासनलिकीय धमन्या म्हणतात, इंग्रजी शब्द वापरायचा तर ब्राँकियल आर्टरी. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जेमतेम शंभरातला एक भाग यांच्यातून जातो. पण त्या महाधमनीवर थेट जोडलेल्या असल्यामुळे दाब पुरा १२०चा.

इंदूरकरांना हे सांगायला मी आपल्या घरातल्या नळांचं उदाहरण देते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा पाईप जाड असला तरी धार मंद असते. तो गळला तर फरशी ओली होते आणि आपण बादली लावतो. शहराला नर्मदेचं पाणी आणणाऱ्या मेन लाईनवरचं बारीक कनेक्शन फुटलं, तर पाणी भिंतीवर उडतं.

फुफ्फुसाच्या मोठ्या रक्तस्रावांपैकी दहातले साधारण नऊ या बारीक, जोराच्या लाईनीतून होतात. निरोगी माणसात ही धमनी उगमापाशी दीड मिलीमीटरच्या आसपास असते. फुफ्फुसाच्या एखाद्या भागात वर्षानुवर्षं सूज राहिली की तो भाग जास्त रक्त मागतो, धमनी फुगते, २ मिलीमीटरच्या वर जाते, वेडीवाकडी होते, तिला नव्या पातळ फांद्या फुटतात. या फांद्यांच्या भिंती कच्च्या असतात. एखादा साधा सर्दी-खोकला, एखादी जोराची ढास, आणि त्यातली एखादी फुटते.

बरा झालेला टीबी

आपल्याकडे वर्षानुवर्षं राहणाऱ्या सुजेचं पहिलं कारण टीबी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे: असं मोठं रक्त बऱ्याचदा चालू टीबीचं नसतं. पूर्वी होऊन बरा झालेल्या टीबीच्या जागेतून ते येतं.

राजेंद्रनगरमधले एक काका आठवतात. निवृत्त शिक्षक, साठी उलटलेली. पहाटे खोकता खोकता त्यांनी स्टीलचं भांडं रक्ताने अर्धं भरलं. मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना गाडीत घालून आणलं. मागच्या सीटवर ते उताणे, मान मागे टाकून, घशात घरघर. स्ट्रेचरवर घेताना मी विचारलं, "पूर्वी छातीचं काही झालं होतं?" सून म्हणाली, "टीबी झाला होता, पण तो तर बाबांच्या लग्नाआधीचा. पूर्ण बरा झाला होता, डॉक्टर." "कोणत्या बाजूचा?" कोणालाच सांगता येईना. काकांनी स्वतः हात उचलला आणि छातीच्या डाव्या बाजूला वरती थोपटून दाखवलं. आम्ही त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, आणि घरघर कमी झाली. दुपारी मुलाने कपाटातल्या पिवळ्या पाकिटातून जुना एक्स-रे आणला. डाव्या फुफ्फुसाच्या टोकाला पोकळी होती, आणि नव्या सीटीतही तीच पोकळी होती. आता तिच्यात एक गोळा बसला होता.

तो गोळा बुरशीचा. टीबी बरा होताना काही रुग्णांच्या फुफ्फुसात रिकामी पोकळी राहून जाते. ॲस्परजिलस नावाची बुरशी हवेत सगळीकडे असते. कुजलेल्या पालापाचोळ्यात, जुन्या धान्यात, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर. ती या पोकळीत घर करते आणि हळूहळू तिचा गोळा तयार होतो. पोकळीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या नाजूक झालेल्या असतात, आणि रक्त पडायला लागतं. काही जणांत पोकळी राहत नाही, पण त्या भागातल्या श्वासनलिका कायमच्या सैल आणि रुंद होतात. त्यांत कफ साचतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो. याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. रोज सकाळी वाटीभर पिवळा बेडका पडणारी माणसं बऱ्याचदा या रोगाची असतात. टीबीच्या पोकळीशेजारच्या पहिल्या, कमी दाबाच्या धमनीची भिंत झिजून तिला फुगा येणं, हेही एक कारण आहे. डेन्मार्कच्या रासमुसेन यांनी १८६८ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. हा प्रकार कमी दिसतो, पण फुटला तर हाहाकार उडतो.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. पूर्वी टीबी झालेल्या माणसाला रक्त पडलं, की थुंकी न तपासताच पुन्हा सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करायच्या, ही सवय आपल्याकडे रुजली आहे. ती मला मान्य नाही. टीबी परत आला असेल तर गोळ्या हव्यातच, पण आधी बेडक्यात जंतू सापडायला हवा. त्यातही सीबीनॅटसारखी, टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी मेलेल्या जंतूंचे अवशेषही पकडते, त्यामुळे नुकताच टीबी होऊन गेलेल्या माणसात ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जिवंत जंतू वाढतो का ते बघून, खात्री करावी लागते. बुरशीच्या गोळ्यावर टीबीची औषधं काहीही काम करत नाहीत. लिव्हरवर मात्र ताण पडतो आणि खरा उपचार लांबतो.

आपल्या भागातलं आणखी एक कारण सांगायलाच हवं. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कारखान्यांत आणि धार, झाबुआ, अलीराजपूरहून गुजरातेत गारगोटीची पूड करणाऱ्या कारखान्यांत कामाला गेलेल्या मजुरांत दगडाच्या धुळीने फुफ्फुसं निकामी झाली. या रोगाचं नाव सिलिकोसिस. तो स्वतः बरा होत नाही आणि टीबीला दार उघडून देतो. अशा घरातला तरुण रक्त थुंकत आला, तर त्याने कुठे आणि काय काम केलं हे विचारल्याशिवाय केसपेपर पुरा होत नाही. तो आपणहून सांगत नाही, कारण काम आणि आजार यांचा संबंध त्याला कोणी समजावलेलाच नसतो.

बाकीची कारणं थोडक्यात. विडी-सिगरेट ओढणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाच्या बेडक्यात रक्ताची रेघ जरी दिसली, तरी कॅन्सर नाही ना याची खात्री करून घ्यावी. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या बायकांना, विशेषतः गरोदरपणात, खोकल्यातून रक्त येतं. तिथे फुफ्फुसात शोधून काही मिळत नाही, हृदयाचा इको करावा लागतो. पायाच्या शिरेतली गुठळी फुफ्फुसात गेली तरी थोडं रक्त पडतं. जबरदस्त न्यूमोनिया, फुफ्फुसातलं गळू, प्लेटलेट उतरलेला डेंग्यू, ही कारणं वेगळी. स्टेंट बसवल्यावरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या एकट्या सहसा एवढं रक्त पाडत नाहीत, पण मूळचं छोटं गळणं मोठं करतात. त्या घरच्या घरी बंद करू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा.

एक प्रकार मात्र या सगळ्यांहून निराळा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करते आणि दोन्ही फुफ्फुसांतल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांत, एकाच वेळी रक्त झिरपायला लागतं. बाहेर रक्त थोडंच पडतं, कधी पडतही नाही, पण धाप वाढत जाते, हिमोग्लोबिन घसरतं आणि लघवीतही रक्त किंवा प्रथिनं सापडतात. दक्षिण गुजरात आणि कोकणात पावसाळ्यात दिसणारा लेप्टोस्पायरोसिसही फुफ्फुसांत असा सगळीकडे रक्तस्राव करू शकतो. इथे फुटलेली एक धमनी शोधण्यात अर्थ नसतो. प्रतिकारशक्तीच्या रोगात मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यावं लागतं, लेप्टोमध्ये अँटिबायोटिक.

घरी, आणि गाडी येईपर्यंत

माणसाला उताणं झोपवू नका. रक्त कोणत्या बाजूचं आहे हे माहीत असेल, तर तीच बाजू खाली करून कुशीवर झोपवा. माणसाला वाटतं की दुखरी बाजू वर मोकळी ठेवावी. पण तसं केलं तर रक्त उताराने चांगल्या फुफ्फुसात जातं आणि जे एक फुफ्फुस काम करत होतं तेही बुडतं. आजारी बाजू खाली राहिली की रक्त तिथेच राहतं. बाजू माहीत नसेल तर पुढे झुकवून बसवा. रुग्णालाही विचारा, कधी कधी तो नेमकं सांगतो की उजवीकडे गरम लागतंय किंवा डावीकडे काहीतरी खुळखुळतंय. अशा वेळी त्याच्यावर विश्वास ठेवा.

खोकू द्या. रक्त बाहेर येणं भीतीदायक दिसतं, पण आत राहण्यापेक्षा ते बाहेर आलेलं हजारपट बरं. खोकला दाबणारं कफ सिरप, झोपेची गोळी, यातलं काहीही देऊ नका. पाणी, हळदीचं दूध, साखर, काहीही पाजू नका. थोड्याच वेळात घशात नळी घालावी लागू शकते आणि तेव्हा पोट रिकामं हवं. कांदा हुंगवून आणि डोक्यावर गार पाणी मारून छातीतलं रक्त थांबत नाही. १०८ ला फोन करा, आणि तिथेच सांगा की खोकल्यातून रक्त पडतंय, ऑक्सिजन हवा. जुने एक्स-रे, जुनी फाईल, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. एखाद्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावून तासभर वाट बघण्यापेक्षा जिथे आयसीयू, भूलतज्ज्ञ आणि सीटी मशीन आहे अशा ठिकाणी सरळ जा. आपल्या इंदूर शहरात एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, मोठी खासगी हॉस्पिटलंही आहेत. आसपासच्या तालुक्यातून निघणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावं.

हॉस्पिटलात काय चालतं

पहिलं काम श्वास वाचवण्याचं. रुग्ण स्वतः खोकून रक्त बाहेर काढतोय आणि ऑक्सिजन ठीक आहे, तोवर घशात नळी घालत नाहीत, कारण खोकला हा त्याचा सगळ्यात चांगला पंप आहे. ती ताकद संपली की नळी घालतात, आणि ती जाड घालतात, ८ नंबरची किंवा मोठी. तिच्यातून दुर्बीण आत जाते आणि गोठलेलं रक्त ओढून काढता येतं. रक्त डाव्या बाजूचं असेल तर नळी थोडी पुढे सरकवून उजव्या श्वासनलिकेत नेता येते. उजवी वाट सरळ उतरते, म्हणून हे पटकन जमतं. उजव्या बाजूचं असेल तर दुर्बिणीने दाखवून नळी डावीकडे वळवावी लागते, किंवा रक्त येणाऱ्या बाजूत छोटा फुगा फुगवून ती वाट तात्पुरती बंद करतात. नातेवाईक बाहेर विचारतात, "अजून रक्त थांबवत का नाहीत?" ते थांबवण्याआधी जे फुफ्फुस चांगलं आहे ते कोरडं ठेवायचं असतं.

सोबत रक्तगट, क्रॉसमॅच (द्यायचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं), प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या तपासण्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवायचा असेल तर त्याचं इंजेक्शन. आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या ओकामोतो दांपत्याने १९६२ साली शोधलेलं हे औषध रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही. स्वस्त आहे, शिरेतून देतात, नेब्युलायझरच्या वाफेतूनही देतात. छोट्या रक्तस्रावात याने चांगला आराम पडतो. मोठ्या रक्तस्रावात ते पुढच्या उपचारासाठी थोडा वेळ मिळवून देतं. त्याच्यावरच विसंबून राहू नये.

रुग्ण स्थिर असेल तर शिरेत डाय, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध, देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. फुगलेली धमनी कुठून निघाली, पोकळी कुठे, गोळा कुठे, हे त्यात दिसतं. मग जो उपचार आज जगभर पहिला मानला जातो तो करतात: एम्बोलायझेशन, म्हणजे रक्त पडणारी धमनी आतून बुजवणं. फ्रान्सच्या जाक रेमी यांनी १९७३च्या सुमारास हा मार्ग दाखवला, त्याआधी ऑपरेशनशिवाय फारसा पर्याय नव्हता. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून, जागा बधिर करून, बारीक नळी महाधमनीत नेतात. रुग्ण जागाच असतो. डाय सोडला की स्क्रीनवर ती रोगट धमनी जाड आणि वेटोळी दिसते, आणि तिच्या टोकाला धुरकट डाग पसरतो. मग त्याहून बारीक नळी तिच्यात सरकवून अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही छोटे कण सोडतात. प्रवाह मंदावतो, थांबतो. धातूची कॉइल उगमापाशी ठोकून देणं सोपं असतं, पण शहाणा डॉक्टर ते टाळतो; रक्त पुन्हा पडलं तर त्याच वाटेने आत जायचं असतं आणि कॉइलने दार कायमचं बंद होतं.

धोका एकच मोठा. मज्जारज्जूला रक्त देणारी बारीक धमनी काही माणसांत याच धमन्यांतून निघते. कण तिच्यात गेले तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून कण सोडण्याआधी डॉक्टर डाय पुन्हा पुन्हा सोडून ती धमनी शोधतात. दिसली तर नळी तिच्या पुढे नेऊन मगच कण सोडतात, नाहीतर तिथे थांबतात. संमतीपत्रावर हे वाचून लोक घाबरतात. अनुभवी हातात हे फार क्वचित होतं, आणि उपचार न करता चालू राहणारा रक्तस्राव त्याहून कितीतरी घातक आहे. नंतर दोन-चार दिवस छातीत दुखणं किंवा गिळताना त्रास होणं नेहमीचं आहे, ते आपोआप जातं.

बहुतेकांचा रक्तस्राव याने लगेच थांबतो. पण पुन्हा पडतो का? हो, पडू शकतो. कुठल्या अभ्यासात दहातल्या एकाला, कुठल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांना पडलेला आहे, आणि बुरशीचा गोळा असणाऱ्यांना सगळ्यात जास्त. कारण धमनी बंद केली तरी पोकळी आणि गोळा तसेच असतात. म्हणून अशा रुग्णाच्या दुसऱ्या फुफ्फुसाची ताकद पुरेशी असेल, तर रक्त थांबल्यावर, अंग भरल्यावर, ठरवून तो भाग ऑपरेशनने काढून टाकणं हा कायमचा इलाज आहे. ऐन रक्त पडत असताना केलेल्या ऑपरेशनचा धोका फार मोठा असतो. राजेंद्रनगरच्या काकांची फुफ्फुसं ऑपरेशन झेपेल अशी नव्हती. त्यांना एम्बोलायझेशन आणि बुरशीविरोधी गोळ्यांवर ठेवलं. पुढे पुन्हा एकदा रक्त पडलं, तेव्हा ते डाव्या कुशीवर झोपूनच आले, आणि एम्बोलायझेशन दुसऱ्यांदा करता आलं.

खर्चाची भीती खरी आहे. पात्र कुटुंबांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, हे कार्ड काढता येतं. ज्या घरात जुन्या टीबीचं माणूस आहे तिथे ते कार्ड आधीच काढून ठेवा, आणि जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्रीही एम्बोलायझेशन होतं व तिथे कार्ड चालतं का, तेही विचारून ठेवा. जुना एक्स-रे भंगारात देऊ नका. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: टीबी कोणत्या वर्षी, किती महिने गोळ्या, आणि कोणत्या बाजूला. विडी बंद. दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून. रोज कफ पडत असेल तर तो बाहेर काढण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, कारण साचलेल्या कफातला प्रत्येक जंतुसंसर्ग त्या कच्च्या फांद्यांवर नवा ताण आणतो. आणि बेडक्यात चमचाभर जरी रक्त पुन्हा दिसलं, तरी सोमवारच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. मोठ्या रक्तस्रावाआधी असं थोडं रक्त बऱ्याचदा एक-दोन दिवस पडत असतं.